गॅलरीतला राजगड

दिवाळीच्या किल्ल्याला हल्ली अंगण कुठलं? आमच्या गॅलरीत तीन बाय दोन फुटांची फळी. नातवाला बालेकिल्ला मधोमध आणि भोवती तीन सारख्या माच्या हव्या होत्या. म्हटलं, अरे, संजीवनी लांबलचक, सुवेळा वेगळी, पद्मावती ऐसपैस! बालेकिल्ला जरा मागे, एका अंगाला घेतला, तशी संजीवनीला जागा झाली. वाट वळणाची, अर्धी खडकाआड; समोरून सगळंच दिसलं तर कोण वाकून बघेल? मोठे मावळे पुढे, छोटे मागे, म्हणजे अंतर भासतं. अळीव चार-पाच दिवस आधी पेरले, पण कातळ उघडा ठेवला. (महाराज दरवाजापेक्षा उंच आहेत. असू देत!)

नातू यंदा दहावीत. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आता हा शेवटचा किल्ला." माती मी पोत्यात भरून ठेवली आहे.