डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासावे असे पान

विद्यापीठाची सूचना पूर्वी फलकावर लागत असे. ज्याला ती दिसत नसे, त्याला शेजारी उभा असलेला मित्र वाचून दाखवी. आता परीक्षेचा अर्ज, शुल्काचा तक्ता, शिष्यवृत्तीची मुदत हे सारे संकेतस्थळावर असते आणि विद्यार्थी ते बहुधा एकटाच पाहत असतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते वाचता आले नाही, तर त्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

संकेतस्थळाच्या संपादकपदी नव्याने येणारी व्यक्ती सहसा भाषेची जाणकार असते. अपंगांनाही संकेतस्थळ सहज वापरता येणे, म्हणजे सुगम्यता, हा विषय तिला संगणक अभियंत्याचा वाटतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने याविषयीचे निकष १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केले. पुढे त्यांची मांडणी चार तत्त्वांवर झाली: आशय जाणवावा, पान वापरता यावे, मजकूर समजावा आणि तो निरनिराळ्या साधनांवर टिकावा. कागदावर ही तत्त्वे कोरडी वाटतात; त्यांचा अर्थ उलगडतो तो ऐकताना.

पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांपैकी एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये विकसित करायला घेतली. पडदा बंद करून, माऊस दूर ठेवून आपलेच पान तिच्याकडून ऐकणे, हा संपादकाचा पहिला धडा.

सही-शिक्क्याचे परिपत्रक स्कॅन करून चढवलेले असते. डोळ्यांना ते अधिकृत दिसते. यंत्राच्या लेखी मात्र ते निव्वळ छायाचित्र असते, म्हणून त्यातला मजकूर ऐकूच येत नाही. परिपत्रक युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये असेल, तर निरर्थक रोमन अक्षरे ऐकू येतात. कारण तेथे रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरीचा साज चढवलेला असतो. दृष्टिहीन वाचक अनेकदा पानावरील दुव्यांची तेवढी यादी मागवतो. त्या यादीत वीस वेळा ‘येथे क्लिक करा’ आले, तर ती खातेदारांची नावे नसलेल्या खतावणीसारखी ठरते. शीर्षके नुसती ठळक केली आणि शीर्षक म्हणून नोंदवली नाहीत, तर हवा तो भाग गाठण्यासाठी सारे पान ऐकावे लागते.

यांवरचे बहुतेक उपाय संपादकाच्याच हातचे असतात. सहीची प्रत दप्तरी राहावी आणि मजकूर युनिकोडमध्ये थेट पानावर यावा. दुव्याचे नाव ‘परीक्षा अर्ज भरा’ असे असावे. चित्रासोबत त्याचा आशय सांगणारे वाक्य जोडावे. मुदतीची तारीख केवळ लाल न करता तिच्यापुढे ‘अंतिम तारीख’ असे लिहावे, कारण लाल रंग सर्वांनाच ओळखता येतो असे नाही. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे टाळावीत. साध्या मजकुरासाठी रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. पानाची भाषा मराठी अशी नोंदवावी, म्हणजे यंत्र योग्य उच्चार निवडू शकते. अर्जाची रचना आणि चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारी पडताळणी हे मात्र अभियंत्याचे काम. त्याचा पाठपुरावा संपादकाने करावा.

‘असे विद्यार्थी कितीसे असणार?’ हा प्रश्न कार्यालयात हमखास येतो. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २.६८ कोटी होती. त्यांत दृष्टिदोष असलेले ५० लाखांहून अधिक. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू आहे आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल बँकांच्या डिजिटल केवायसीसंदर्भातील होता, ही बाब व्यापारी घरांनीही ध्यानी घ्यावी. ज्यांच्या दुकानाचे दरपत्रक संकेतस्थळावर आहे, त्यांनी एकदा माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी खरेदी पूर्ण करून पाहावी. कोणते ग्राहक दारातूनच परत जातात, हे तेव्हा कळेल.