माढ्याच्या राममंदिरातील फिरते दिवे

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यानच्या मुलखात माढा वसला आहे. मुंबईहून निघून १८६० मध्ये सोलापूर गाठणारा लोहमार्ग या तालुक्यातूनच गेला. परंतु १८९७ मध्ये बार्शीची छोटी गाडी कुर्डुवाडीहून सुटू लागली, जंक्शनाचे वैभव तिकडे गेले, आणि माढा तालुक्याचे ठाणे असूनही आपल्या जागी शांत राहिला. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाल्यावर भीमेच्या अंगास ऊस आला खरा, तथापि शाळूचे रान अजून पुष्कळ आहे. फाल्गुन सरताना येथे यावे. मळणी होऊन गेलेली असते, कडब्याच्या गंजी उभ्या असतात आणि सायंकाळी हवेत तरंगणारी धूळ उन्हास सोनेरी करते.

परगावचा पाहुणा येथे येतो तो रावरंभा निंबाळकरांच्या काळाची स्मृती असलेला किल्ला आणि माढेश्वरीचे देऊळ पाहावयास. आम्हांस लिहावयाचे आहे ते मात्र या प्रसिद्ध स्थळांविषयी नव्हे. आमचे आजोळ माढ्याचे. त्या घराण्याकडे एक लहानसे राममंदिर वंशपरंपरेने चालत आले आहे. दगडी गाभारा, पुढे माळवदाचा लाकडी सभामंडप, तुळयांना हंड्या टांगण्यासाठी ठोकलेल्या जुन्या कड्या. एवढाच त्याचा पसारा. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून नवमीपर्यंत तेथे रात्री कीर्तन होते. यंदा उत्सवापूर्वी घरात एक प्रश्न उपस्थित झाला, आणि त्यात आम्हांसही ओढण्यात आले: मंदिरात रंगभूमीवरचे फिरते दिवे बसवावे की काय?

सूचना नातवाची. तो पुण्यास नोकरी करतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. मंडपात दोन लांब पांढऱ्या नळ्या लावलेल्या होत्या. त्यांच्या उजेडात कीर्तनकाराचा चेहरा पांढराफटक दिसे, आणि पूर्वरंग कोठे संपला व आख्यान कोठे रंगात आले हे कानांस कळले तरी डोळ्यांस कळत नसे. तरुण मंडळी येऊन बसत नाहीत, त्याचे हेही एक कारण असावे, असे तो म्हणाला. "अण्णा, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात मोठमोठ्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत असे दिवे लावतात. भक्ती कमी होते का त्याने?" अण्णा, म्हणजे आमचे धाकटे मामा, मंदिराचे व्यवस्थापक. त्यांनी उत्तर दिले नाही. अडकित्ता मात्र जरा जोराने वाजला.

या दिव्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. डॅलस येथील एका मंडळीने रंग आपोआप बदलणारा दिवा करण्याचे मनावर घेतले होते. ते करताना कोणास सुचले की, आणखी दोन मोटारी जोडल्या तर दिवा वळेलही! १९८१ मध्ये 'जेनेसिस' नावाच्या इंग्रज वाद्यवृंदाच्या दौऱ्यात असे दिवे प्रथम लोकांपुढे आले. एक मोटार दिव्यास आडवे फिरविते, दुसरी वरखाली. रंगांच्या काचा व नक्षीच्या चकत्या आत असतात. आणि बसल्या जागेवरून कन्सोलच्या साहाय्याने हे सारे हुकमी चालते. आपल्याकडे मंडपवाल्यांच्या तोंडी या सर्वांस 'शार्पी' हे एकच नाव आहे. वास्तविक ते एका इटालियन कारखान्याच्या विशिष्ट दिव्याचे नाव. पण डालड्याप्रमाणे तेही सर्वनाम होऊन बसले आहे.

फाल्गुन वद्य पक्षात एके रात्री मंडपवाल्याने दोन दिवे आणून लावून दाखविले. दिवे दोनशे तीस वॅटचे, झोत अगदी अरुंद, रंग निळसर पांढरा. एका झोताने तुळया उजळल्या, मुले आनंदाने ओरडली. दुसरा गाभाऱ्यात शिरून काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर स्थिरावला. आम्ही सर्व पाहत होतो आणि कोणी काही बोलत नव्हते. थोरल्या मामी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्याचे राहिलेले. सून होऊन आल्यापासून सायंकाळची समई त्याच लावतात. त्या म्हणाल्या, "राम दिसत नाही रे. नुसते चांदीचे डोळे दिसतात."

नातवाने नक्षी फिरवून दाखविली तेव्हा ठिपके जमिनीवरून सरसर धावू लागले. मामी दर्शनास पुढे निघाल्या होत्या. उंबरठ्याशी येऊन थांबल्या. पाऊल उचलेना. खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी ते थांबव, मग मी येते."

आमच्या मते त्या रात्रीचा सर्व निकाल या दोन वाक्यांत आला होता. परंतु घरातील सुशिक्षित मंडळींस कारणे हवी असतात, आणि ती आहेतही. वीस वर्षांच्या मनुष्याच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या मनुष्याच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. यावरून म्हाताऱ्यांस प्रखर दिवा हवा, असे कोणास वाटेल. पण तेच पिकलेले भिंग प्रखर झोतास फोडून सर्व डोळाभर पसरविते, आणि चकाकलेला डोळा पुन्हा अंधारास सरावण्यास तरुणाहून अधिक वेळ घेतो. म्हणजे वृद्धास प्रकाश अधिक हवा, पण तो पसरट, मऊ आणि मुख्यतः स्थिर हवा. उंबरठ्यावर धावणारे ठिपके पायरीची कडच पुसून टाकतात. या वयात एक पाऊल चुकले तर मांडीचे हाड जाते, हे कोणत्या घरास सांगावयास हवे?

नातू हुशार आहे. त्याने कोल्हापूरचा दाखला दिला. तेथील अंबाबाईच्या देवळात जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी, तसेच नोव्हेंबरात, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वाराकडून आत येतात, देवीच्या चरणांपासून वर चढत जातात, आणि योग जुळला तर मुखापर्यंत पोहोचतात. "तो फिरता दिवाच नव्हे का, आजी?" मामींस उत्तर सुचले नाही, पण अण्णांस सुचले: "अरे, तो किती सावकाश फिरतो ते बघ. लोक श्वास धरून उभे असतात. आणि वर्षातून मोजके दिवस." आम्ही एवढेच जोडतो की, तो किरण सांजेचा, म्हणजे तांबूस असतो. धूळ, दमट हवा, वाटेत उठलेली इमारत यांनी तो अडतो, म्हणूनच त्याची एवढी वाट पाहिली जाते.

दुसरा दाखला जवळचा होता. पंढरपूर येथून फार लांब नाही. २०२४ च्या मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत विठ्ठलाच्या गाभाऱ्याचे जतनकार्य चालले. नंतरच्या काळात बसविलेल्या फरशा काढून मूळचा काळा पाषाण मोकळा करण्यात आला. गुळगुळीत फरशी उजेड परत फेकते, काळा दगड तो गिळतो. तेव्हा अशा गाभाऱ्यात मोठा दिवा लावला की मूर्तीचे काही ठिकाण चकाकते आणि उरलेले नाहीसे होते. लहान, पिवळसर दिवा बाजूने व थोडा वरून दिला तर नाक, गाल, ओठ हळूहळू उमटतात. समई हेच काम करीत आली आहे.

लेझरविषयी येथे दोन शब्द आवश्यक आहेत, कारण मंडपवाला तेही फुकट देऊ करीत होता. लेझर आणि फिरता दिवा एक नव्हेत. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर महाराष्ट्रातील नेत्रवैद्यांकडे दृष्टिपटलास इजा झालेले तरुण आले; पुढील वर्षी पुणे पोलिसांनी मिरवणुकीतील लेझर झोतांस मनाई केली. तो फुकट मिळाला तरी घरात येऊ देऊ नये. डोळा नवा आणता येत नाही.

अखेर ठरले ते असे. गाभाऱ्यात फिरते काही नाही. समई, आणि कमानीआड दडविलेला एक लहानसा पिवळसर स्थिर दिवा. मंडपात मात्र नातवाचे दोन फिरते दिवे आले. पण अरुंद झोताचे नव्हेत, पसरट उजेडाचे. ते एलईडीचे असल्याने तापत कमी आहेत. पहिले दिवे पंधरासोळा किलोंचे होते, आणि शंभरीच्या तुळईस तेवढा भार टांगण्यास सुतार तयार होईना. हे पाचसहा किलोंचे. तरीही प्रत्येकास वेगळी साखळी लावून ती दुसऱ्या कडीत अडकविली. पंख्याचा आवाज कानाशी धरून ऐकला, कारण कीर्तनात टाळ थांबल्यावरची शांतता फार मोलाची असते. चेहऱ्याचे आणि लाल उपरण्याचे रंग खरे दिसतात की नाही, हे मामींच्या जांभळ्या लुगड्यावर झोत टाकून पाहिले. एक दिवा त्यातच नापास झाला. मांजरपाटासारखा दिसतो म्हणून परत गेला, दुसरा आणावा लागला.

आणि फिरण्याचे काय? तेथेच नातवाने आम्हां सर्वांस जिंकले. त्याने म्हटले, दिवा अंधारात वळवायचा आणि मग उजळायचा. कोणास हललेला दिसणारच नाही. नाटकगृहांतील जाणते लोकही बहुधा असेच करतात म्हणे. कीर्तनकार व्यासपीठावर असेपर्यंत दिवे तेथे. पालखी निघाली की ते मंद होतात, विझतात, आणि दाराशी सावकाश उजळतात. पूर्वी याच कामासाठी शिडी लावून कोणीतरी तुळईवर चढे.

कन्सोल अण्णांच्या ताब्यात आहे. कळांवर कागदी पट्ट्या चिकटवून त्यांनी आपल्या अक्षरात 'कीर्तन', 'पालखी', 'पाळणा' असे लिहिले आहे. चैत्रात मळणीची धूळ दिव्याच्या पंख्यात बसते, म्हणून दर एकादशीस मऊ फडक्याने भिंग पुसण्याचे कामही त्यांनीच पत्करले आहे. त्यासाठी जुन्या धोतराचा एक तुकडा धुऊन, घडी करून समईच्या कोनाड्यात ठेवलेला असतो.