कपाळाची उजवी बाजू

१. सोमवार. कंगवा लावला की उजव्या बाजूचे केस मुळाशी दुखतात. केस दुखतात, हे सांगायचं तरी कसं? अर्धशिशी समजून बाम चोळला.

२. बुधवार. भुवईच्या वर लाल जागेवर बारीक फोडांचा झुबका. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी ओळखलं. "अगं, ही नागीण. काव लाव आणि उतरवून घे. तोंड-शेपूट जुळू देऊ नकोस."

३. डॉक्टरांचा पहिला प्रश्न : फोड कधी दिसला? दुसरा : नाकाच्या शेंड्यावर काही आहे का? होता, एक. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. म्हणून त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पिवळं औषध घालून निळ्या उजेडात डोळा तपासला. अजून इजा नव्हती.

४. असायक्लोव्हिर, ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. फोड दिसल्यापासून ७२ तासांत सुरू व्हायला हवं. सात, अकरा, तीन, सात, अकरा. शिवाय भरपूर पाणी.

५. १९७४ चा उन्हाळा. मला कांजिण्या. आईने अंथरुणाभोवती कडुनिंबाचे डहाळे ठेवले होते. तेव्हाचा विषाणू गेलाच नव्हता. मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या गाठीत निजून होता, तोच आता नागीण होऊन उठला. सिरेन्सेस्टर या इंग्लंडमधल्या गावी डॉक्टरकी करणारे एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली हे मांडलं. रुग्णांची वही इतक्या चिकाटीने लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

६. शुक्रवारी उठले तर दोन्ही डोळे सुजून मिटलेले. डावासुद्धा! काकूंचे शब्द आठवले, तोंड-शेपूट जुळलं की काय, आणि हातपाय गार पडले. डॉक्टरांनी फोनवर फोटो पाहिला. सूज म्हणजे पाणी, ते उताराकडे जातं, पलीकडेही उतरतं. फोड कुठे आहेत ते बघा, म्हणाले. पापणी बोटाने उचलून आरशात पाहिलं. फोड कपाळाच्या बरोबर मध्यावर थांबले होते, पट्टीने आखल्यासारखे. उजवीकडचा मज्जातंतू तिथेच संपतो.

७. झोपताना डोक्याखाली दोन उशा. सकाळी सूज कमी दिसते. जुन्या धोतराचं मऊ फडकं थंड पाण्यातून पिळून दहा-पंधरा मिनिटं. बर्फ थेट लावायचा नाही. काव नाही, चुना नाही. उघड्या फोडात जंतू गेले तर पिकतं. फडकं रोज उकळायचं.

८. पंख्याचा वारा दुखतो.

९. आधी मिरची चोळल्यासारखी आग. मग एक कळ, भुवईपासून टाळूपर्यंत. मग काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीत पुढच्या कळेची वाट. साध्या वेदनाशामक गोळीने ही हलत नाही. मज्जातंतूच्या दुखण्याची वेगळी गोळी रात्री सुरू केली. चार तास झोप लागली. चार तास!

१०. सुनेला सहावा महिना. नागीण एकाची दुसऱ्याला होत नाही, पण फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, ज्याला त्या झालेल्या नाहीत त्याला. तिच्या आईला फोन केला. तिसरीत असताना झाल्या होत्या. तरी खपल्या धरेपर्यंत मी माझ्या खोलीत, माझा टॉवेल वेगळा.

११. काकू रोज दारात ताकाचा तांब्या ठेवून जातात. काव लावली का, हे आता विचारत नाहीत. "झोपलीस का?" एवढंच.

१२. यावर लस आहे. पन्नाशीनंतर घेता येते, दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. भारतात २०२३ पासून मिळते. थोरल्या बहिणीला सांगितलं. किंमत ऐकून ती गप्प झाली. पुन्हा सांगणार आहे.

१३. चाळिसावा दिवस. खपल्या पडून गेल्या. भेटणारे म्हणतात, आता छान दिसतेस. कंगवा अजून डाव्या बाजूनेच फिरवते.