वाटणीपत्र झाले, हमीपत्र राहिले

व्यापारी घरांतल्या वाटण्या मी बँकेच्या नोकरीत फार जवळून पाहिल्या. दुकान कोणाकडे, गोदाम कोणाकडे, आईने कोणाकडे राहायचे, देवघरातल्या चांदीचे काय, हे सारे चार वडीलधाऱ्यांसमोर ठरते आणि वकिलांकडून व्यवस्थित कागदावर उतरते. त्या बैठकीत एक कागद मात्र सहसा निघत नाही. तो म्हणजे घरातल्या एखाद्याने दुसऱ्याच्या कर्जासाठी बँकेला लिहून दिलेले हमीपत्र. तो निघणार तरी कसा? तो आपल्या कपाटात नसतो, बँकेच्या फायलीत असतो. आणि सही करणाऱ्याला बहुधा त्याची आठवणही उरलेली नसते.

भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या कलम 126 मध्ये हमीच्या कराराची व्याख्या आहे आणि कलम 128 मध्ये जामीनदाराचे सारे भवितव्य एका वाक्यात सांगितले आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल तर ऋणकोची जबाबदारी जेवढी, तेवढीच जामीनदाराची. आपल्याकडे मात्र जामीनदाराची सही ही साक्षीदाराच्या सहीची थोरली बहीण समजली जाते. ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, तो बुडाला तर माझ्याकडे या,’ असे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे, अशी अनेकांची समजूत असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच हा प्रश्न निकाली काढला. धनकोने आधी ऋणकोविरुद्धचे सगळे उपाय संपवले पाहिजेत असे बंधन नाही. हमीचा उपयोगच मुळी तो आहे.

माझ्या निवृत्तीनंतरची एक हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून नावे देत नाही. सांगलीकडचे दोन भाऊ, हळदीचा व्यापार. पेढी धाकट्याच्या नावावर, पंचवीस लाखांचे कॅश क्रेडिट. थोरले, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते जामीनदार. आणि अण्णांच्या राहत्या घराचे खरेदीखत बँकेत तारण. पुढे वाटणी झाली. घर व शेती अण्णांकडे, पेढी व तिचे सर्व देणे धाकट्याकडे. वाटणीपत्रात तसे स्वच्छ लिहिलेले होते. काही वर्षांनी हळदीचा भाव पडला, खाते थकले आणि 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खालची साठ दिवसांची नोटीस दोन्ही घरांत एकाच दिवशी पोहोचली.

अण्णा वाटणीपत्र घेऊनच माझ्याकडे आले. कागदावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, देणे त्याचे असे इथे लिहिले आहे. वकिलांनीच लिहिले आहे. मग बँक माझ्या दारात कशी?” शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारले, “घर राहील ना?”

वकिलांनी लिहिले ते चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. वाटणीपत्र हा दोन भावांतला करार. बँक त्यात पक्षकार नव्हती, म्हणून तो बँकेवर बंधनकारक नव्हता. जुन्या कराराच्या जागी नवा करार आणायचा तर कलम 62 प्रमाणे त्या करारातल्या सर्व पक्षांची संमती लागते. बँकेने ‘अण्णांना मोकळे केले’ असे कधीच लिहून दिले नव्हते. कारण तिला कोणी विचारलेच नव्हते.

मग हमीपत्राची प्रत मागवली. ही प्रत जामीनदाराने सही करतानाच घ्यायला हवी. पण तेव्हा सर्वांना घाई असते ती मंजुरीची. प्रत वाचली तेव्हा एक गोष्ट अण्णांच्या बाजूची निघाली. दरम्यान मर्यादा चाळीस लाखांवर नेली होती, परंतु अण्णांची हमी पंचवीस लाख आणि मागणीच्या तारखेपासूनचे व्याज एवढ्यापुरतीच होती. वाढीव मर्यादेच्या कागदांवर त्यांची सही नव्हती. करारात जामीनदाराच्या संमतीविना बदल झाला तर त्यापुढच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो, असे कलम 133 म्हणते. मात्र बँकांच्या छापील हमीपत्रांत ‘बँकेने मला न विचारता अटी बदलाव्या, मुदत द्यावी, तरी माझी हमी कायम’ अशा अर्थाचे कलम असतेच, इथेही होते. अण्णांना वाचवले ते हमीपत्रात हाताने भरलेल्या त्या आकड्याने. ती जागा कोरी असती, किंवा ‘सर्व देणी’ असे शब्द असते, तर चाळीस लाखांचा हिशेब त्यांच्याच अंगावर आला असता.

अण्णांनी दोन एकर विकून आपल्या हमीपुरती रक्कम भरली. खरेदीखत परत मिळाले. वाटणीपत्रही मग उपयोगी ठरले, पण बँकेविरुद्ध नव्हे, भावाविरुद्ध. कलम 140 प्रमाणे देणे फेडणारा जामीनदार धनकोच्या जागी उभा राहतो आणि कलम 145 प्रमाणे ऋणकोने त्याची भरपाई करून द्यायची असते. अण्णा कोर्टात गेले नाहीत. वर्षभर दोन घरांत बोलणे बंद होते. आता दर दिवाळीला पुतण्या काही रक्कम आणून देतो आणि अण्णा ती स्वतःच्या वहीत जमा करतात.

हमी मागे घेता येत नाही असे नाही. सतत चालू असणारी हमी पुढच्या व्यवहारांपुरती सूचना देऊन रद्द करण्याची मुभा कलम 130 देते. मागचे देणे अर्थातच राहते. जामीनदार वारला तर कलम 131 प्रमाणे पुढच्या व्यवहारांपुरती हमी आपोआप संपते, करारात उलट अट नसेल तर. परंतु सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हमीपत्रातच हा हक्क सोडून दिला असेल तर नंतर कलम 130 चा आधार घेता येणार नाही. म्हणून ते बारीक टाइपातले पान वाचावे लागते.

घरातली माणसे अशी सूचना पाठवू देत नाहीत, याचेही कारण आहे. जामीनदाराचे पत्र आले की बँक त्या खात्यावरचे व्यवहार थांबवते. लोकांना हा आकस वाटतो. वास्तविक यामागे क्लेटनचा 1816 सालचा इंग्लंडमधला जुना नियम आहे. खाते तसेच चालू ठेवले, तर नंतर भरलेला प्रत्येक रुपया आधीचे, म्हणजे हमीतले, देणे फेडत जातो आणि नवी उचल हमीबाहेर राहते. बँक ते कसे चालू देईल? खाते थांबले की धाकट्याचा माल अडतो, म्हणून थोरला गप्प बसतो. हा संकोच मी समजू शकतो. पण त्याची किंमत त्याच्या घरातल्या बायकामुलांना न विचारता ठरते.

प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या असलेल्यांनी आणखी एक जाणावे. संचालकपदाचा राजीनामा दिल्याने वैयक्तिक हमी सुटत नाही. कंपनी दिवाळखोरी संहितेखाली गेली आणि तिची योजना मंजूर झाली, तरी केवळ तेवढ्याने जामीनदार मोकळा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ललितकुमार जैन खटल्यात 2021 मध्ये सांगितले. सुना आणि मुली केवळ कागदोपत्री संचालक असतात, त्यांच्या सह्यांबाबत हे विशेष लक्षात असावे.

तेव्हा वाटणीचा मसुदा करणाऱ्या वकिलांना सर्व हमीपत्रांची यादी आधी द्यावी. बँकेचे मुक्ततापत्र येईपर्यंत वाटणी पूर्ण झाली असे मानू नये, अशी अट मसुद्यातच घालून घ्यावी. बँक दुसरा जामीनदार किंवा जादा तारण मागेल; ते कोण देणार हेही त्याच बैठकीत ठरावे. बँकेला पत्र दोन प्रतींत न्यावे, आपल्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि अधिकाऱ्याची सही घ्यावी, आणि रद्द केल्याची नोंद असलेले मूळ हमीपत्र हाती येईपर्यंत ती प्रत वाटणीपत्राला टाचून ठेवावी.