दोनशे बावीस विरुद्ध शून्य

अटलांटात पोस्टडॉक करायला आल्यापासून मी रोज बॉबी डॉड स्टेडियमच्या कडेने लॅबला जाते. पूर्वी याला ग्रँट फील्ड म्हणत. 7 ऑक्टोबर 1916 रोजी इथे जॉर्जिया टेकने कंबरलँडच्या संघाला 222-0 असं धुतलं. कॉलेज फुटबॉलमध्ये इतका एकतर्फी निकाल दुसरा नाही. (फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू काखेत घेऊन पळायचा.)

निकालापेक्षा मला त्यामागचा करार जास्त खिळवून ठेवतो. टेनेसीतल्या लेबनन गावच्या कंबरलँडने त्या वर्षी फुटबॉल बंदच केला होता. पण टेकबरोबरचा सामना आधी ठरलेला. आलात तर 500 डॉलर, नाही आलात तर 3000 डॉलर दंड. तेवढ्या पैशात त्या छोट्या संस्थेचं कंबरडंच मोडलं असतं. मग जॉर्ज अ‍ॅलन या विद्यार्थ्याने ओळखीतली पोरं गोळा केली, त्यात वकिली शिकणारेही होते, आणि आगगाडीने अटलांटा गाठलं.

टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन; आजची हाइझमन ट्रॉफी त्याच्याच नावाची. त्या वसंतात कंबरलँडने टेकला बेसबॉलमध्ये 22-0 हरवलं होतं, आणि त्या संघात भाड्याचे व्यावसायिक खेळाडू होते असा त्याला संशय. शिवाय नुसत्या गुणांच्या बेरजेवरून संघांची प्रत लावणाऱ्या क्रीडापत्रकारांवरही त्याचा राग. बेरीज किती पोकळ असते ते दाखवायला त्याने बेरीज फुगवली. मुद्दा मला पटतो. माझंही मोल सायटेशन मोजूनच ठरतं. पण त्यासाठी त्या पोरांना तुडवायचं?

पहिल्या पावात 63, मध्यंतराला 126. एकूण 32 टचडाउन, आणि टेकने एकदाही पास फेकला नाही. गरजच पडली नाही. शेवटी उत्तरार्धच आखडता घेतला.

आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं. 1948 साली पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध 443 वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाला नऊ धावा कमी. तेव्हा काठियावाडने सामनाच सोडून दिला. लहानपणी बाबांकडून ऐकताना मला त्यांचा भारी राग यायचा. आता त्यांची बाजूही दिसते. सोडून जाता येणं हीसुद्धा एक चैन असते.

माझा करार जूनमध्ये संपतो, त्याबरोबर व्हिसाही. यंदा 38 अर्ज, दोन मुलाखती, होकार शून्य. आई दर रविवारी विचारते, "काही आलं का गं?" आलंय खरं तर, पुण्यातल्या एका कंपनीचं पत्र. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की ती लगेच माळ्यावरच्या गाद्या उन्हात घालेल.

कंबरलँडबद्दल आणखी एक गोष्ट, जी क्वचितच कुणी सांगतं. 1903 मध्ये याच कॉलेजने व्हँडरबिल्टला हरवलं होतं आणि क्लेमसनशी 11-11 अशी बरोबरी साधली होती. क्लेमसनचा प्रशिक्षक कोण? हाच हाइझमन.

आणि 1916 च्या त्या सामन्यातला चेंडू 2014 मध्ये लिलावात 40 हजार डॉलरच्या वर गेला. म्हणजे दंडाच्या तेरापट.