बेलपाडा ते लंडन, व्हाया आई

दादाच्या लंडन फ्लाइटसाठी बेलपाड्याहून सहारला पोचायलाच दोन तास गेले. ट्रॅफिक, दुसरं काय! पुढचे ७,२०० किलोमीटर मात्र साधारण दहा तासांत.

परतताना टॅक्सीत आईनं विचारलं, "येतानाही एवढाच वेळ?"

म्हटलं, "तासभर कमी. वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. येताना तो पाठीशी असतो."

त्यात हिवाळा, म्हणजे लंडन साडेपाच तास मागे. घड्याळात बघाल तर जाताना साडेचार तास, येताना चक्क साडेचौदा!

"बघ," आई म्हणाली, "जाताना भुर्रकन जातो, येताना दिवस लावतो."

२५ डिसेंबर २०२५ला आमच्या जवळच, उलव्याला विमानतळ सुरू झाला. आता तिचं एकच पालुपद, "दादाला सांग, इथंच उतर. गरम पोळ्या वाढते."