चेंडू परत येतच राहतो

जानेवारी २०१६. मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनची चौथी फेरी. नोव्हाक जोकोविच तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याचा पराभव ही त्या काळात पहिल्या पानावरची बातमी ठरत असे. साडेचार तासांहून अधिक वेळ झुंजून तो पाच सेटमध्ये जिंकला खरा, पण आकडेवारीत त्याच्या नावापुढे टाळता येण्याजोग्या चुकांच्या रकान्यात आकडा होता १००. आठवड्याभरात त्याच जोकोविचने ती स्पर्धा जिंकली. म्हणजे त्याचा हात बिघडला होता असं म्हणायची सोय नाही. चुका त्याच्या रॅकेटमधून होत होत्या हे खरं, त्या घडवून आणणारा मात्र जाळीपलीकडे उभा होता. त्याचं नाव जिल सिमाँ.

सिमाँ हरला, पुढच्या दिवशी बातम्या जोकोविचच्या ड्रॉप शॉटवर झाल्या आणि विषय मिटला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीचं असंच झालं. एटीपीची १४ एकेरी विजेतेपदं, पाचशेहून जास्त एकेरी विजय, जानेवारी २००९ मध्ये जागतिक क्रमवारीत सहावा क्रमांक. एवढं करूनही टेनिस पाहणाऱ्या दहा जणांना सिमाँचा खास फटका कोणता म्हणून विचारलं, तर नऊ जण गप्प बसतील. दहावा कदाचित सरळ रेषेतला दोन हातांचा बॅकहँड म्हणेल, आणि तेही थोडं अडखळतच.

त्याच्याकडे हत्यार म्हणावं असं काही नव्हतंच. उंची सहा फूट, वजन सत्तर किलोच्या घरात. दोनशे किलोमीटरच्या वेगाने सर्व्हिस करून गुण खिशात घालणाऱ्यांच्या जमान्यात हा किरकोळ बांध्याचा माणूस उभा होता. १९८४च्या डिसेंबरात नीसमध्ये जन्मलेला सिमाँ लहानपणी वयाच्या मानाने चणीने लहान होता. आवडता खेळाडू कोण, तर मायकेल चँग, म्हणजे १९८९ मध्ये सतराव्या वर्षी रोलाँ गारोस जिंकणारा, तसाच लहान चणीचा, पाय आणि डोकं यांच्या बळावर खेळणारा अमेरिकन. आदर्श निवडताना मुलाने स्वतःकडे नीट पाहिलं होतं, असंच म्हणायला हवं. बरोबरीची धिप्पाड पोरं जोरात मारून जिंकत होती. याला जिंकायचं तर समोरच्याला काय नको आहे ते आधी शोधणं भाग होतं.

आणि ते त्याने शोधलं. सिमाँचा एखादा सामना सावकाश, एकेक रॅली धरून पाहावा. तो बेसलाइनवर उभा राहतो आणि चेंडू कोर्टाच्या मधोमध, खोलवर, फारसा वेग न देता टाकतो. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच. बघणाऱ्याला वाटतं, याला मारता येत नाही. पण मधोमध आलेल्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्याला कोन मिळत नाही, बाजूची रेषा गाठायची तर जोखीम घ्यावी लागते. चेंडूत वेग नसल्यामुळे समोरच्याचा वेग उसना घेऊन मारायची सोयही उरत नाही, सगळा जोर स्वतःच्या खांद्यातून काढावा लागतो. दहा फटक्यांनंतर खांदा कुरकुरतो, विसाव्या फटक्याला संयम सुटतो. कुणी चिडून खरंच जोरात मारलं, की तो वेग मात्र सिमाँला हवाच असायचा. चेंडू वर चढताचढताच सपाट बॅकहँड लावून तो त्याच वेगाने परत पाठवायचा. समोरच्याने हळू खेळलं तर अडकला, जोरात खेळलं तर फसला. जोकोविचच्या शंभर चुकांची बरीचशी उकल इथे होते.

मुंबईच्या फलंदाजीला ‘खडूस’ म्हणतात ते ज्या कौतुकाने म्हणतात, त्या कौतुकाने सिमाँचं टेनिस पाहायला हवं. विकेट फेकायची नाही, गोलंदाजाने दमावं, चिडावं, मग आपली वेळ येतेच. दादर-माटुंग्याच्या मैदानांवर वाढलेल्या कुणालाही हा माणूस एका सेटमध्ये ओळखू आला असता.

२००८ हे त्याचं वर्ष. कासाब्लांका, इंडियानापोलिस आणि बुखारेस्ट अशी तीन विजेतेपदं त्याने मिळवली. जुलैत टोरंटोला त्याने रॉजर फेडररला हरवलं, विम्बल्डनच्या त्या गाजलेल्या अंतिम सामन्यात नदालकडून हरून फेडरर नुकताच परतला होता. ऑक्टोबरात माद्रिदला राफाएल नदालला, खुद्द त्याच्या देशात, त्याच्या प्रेक्षकांसमोर, नदाल जगात अव्वल असताना, तीन तासांहून लांबलेल्या उपांत्य सामन्यात तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरवर हरवलं. अंतिम सामना अँडी मरेने घेतला. मग दुखापतीमुळे नदालने वर्षाअखेरची शांघायची मास्टर्स कप स्पर्धा सोडली, तेव्हा त्या रिकाम्या जागी सिमाँ आला आणि तिथे त्याने गतविजेत्या फेडररला पुन्हा हरवलं. फेडरर आणि नदाल मिळून सगळं टेनिस वाटून घेत होते त्या काळात एकाच वर्षात या दोघांना तीनदा हरवणं ही लहानसहान गोष्ट नाही. फ्रान्समध्ये त्याचं कौतुक झालं. पण ते मनापासूनचं कौतुक होतं का?

कारण फ्रान्सला काही वेगळंच हवं होतं. यानिक नोआने १९८३ मध्ये रोलाँ गारोस जिंकलं, त्यानंतर एकाही फ्रेंच पुरुषाला ग्रँड स्लॅमचं एकेरीचं विजेतेपद मिळालेलं नाही. देश वाट पाहत होता. रिशार गास्के नऊ वर्षांचा असताना एका फ्रेंच टेनिस मासिकाने त्याला मुखपृष्ठावर छापलं आणि फ्रान्स ज्याची वाट पाहतोय तो विजेता हाच का, असं विचारलं. नऊ वर्षांचं पोर! गास्केचा एका हाताचा बॅकहँड, त्सोंगाचा फोरहँड, माँफिसच्या उड्या हे सगळं डोळ्यांना सुखावणारं होतं. लाकोस्त, कोशे, बोरोत्रा आणि ब्रुन्यों यांनी १९२७ ते १९३२ अशी सलग सहा वर्षं डेव्हिस कप फ्रान्सला मिळवून दिला, त्यांना मस्केटियर म्हणत. गास्के, त्सोंगा, माँफिस आणि सिमाँ या चौघांना ‘नवे मस्केटियर’ म्हटलं गेलं. त्यातला चौथा सिमाँ. गटात असूनही जरा बाजूला उभा.

या बाजूला उभं राहण्यातून त्याने २०२० मध्ये एक पुस्तक लिहिलं. ‘ज्या खेळाने वेड लागतं’ असा त्याच्या नावाचा अर्थ. खेळाडूंची पुस्तकं बहुधा आईवडिलांचे आभार मानत, विजयांच्या आठवणी सांगत संपतात. सिमाँने थेट फ्रेंच टेनिसच्या शिकवणीलाच हात घातला. आपण पोरांना फटका सुंदर कसा मारायचा हे शिकवतो, फेडररसारखं दिसायला शिकवतो, पण ५-५ अशा बरोबरीत हात थरथरत असताना काय करायचं ते शिकवत नाही, हा त्याचा मुद्दा. फेडररवर त्याचा राग नव्हता, त्याचा खेळ म्हणजेच टेनिस अशी समजूत रुजली याबद्दल तक्रार होती. कोर्टावर एकटं असताना येणारी भीती, स्वतःचाच आलेला राग, जिंकत असताना डोक्यात शिरणारी शंका यांविषयी त्याने मोकळेपणाने लिहिलं. मनाचं काम हा अभ्यासाचा विषय आहे, तो फटक्यांइतकाच लहानपणापासून घ्यायला हवा, हे त्याचं म्हणणं कुणाही प्रामाणिक प्रशिक्षकाला पटावं.

अर्थात त्याचं प्रत्येक मत पटण्यासारखं नव्हतं. २०१२च्या विम्बल्डनला, खेळाडूंच्या समितीवर नुकताच निवडून आला असताना, पुरुषांचं टेनिस जास्त पाहिलं जातं, तेव्हा बक्षिसाची रक्कम सारखी असू नये असं तो म्हणाला. मारिया शारापोव्हाने तिथल्या तिथे सडेतोड उत्तर दिलं, आणि ती बरोबर होती. आदल्या दिवशीच्या प्रेक्षकसंख्येवर समान हक्क ठरत नाहीत. एवढ्या बारकाईने विचार करणारा माणूस इथे आकड्यांत अडकला याचं वाईट वाटतं.

त्याच्या खेळातलं सौंदर्य ज्यांना दिसत नाही त्यांनी २०१३च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधला तिसऱ्या फेरीचा सामना पाहावा. समोर देशबंधू गाएल माँफिस. पहिले दोन सेट सिमाँचे, पुढचे दोन माँफिसचे, पाचवा ८-६ असा सिमाँचा. चार तास त्रेचाळीस मिनिटं. त्यात एक रॅली ७१ फटक्यांची आहे. दोघंही दमलेले, पायात गोळे आलेले, आणि चेंडू बॅकहँडकडून बॅकहँडकडे जातो आहे, परत येतो आहे. तिशीच्या पुढे प्रेक्षक हसू लागतात, पन्नाशीला शांत होतात. या सामन्याची किंमत सिमाँने दोन दिवसांनी मोजली. मरेपुढे त्याला धड हलताही येत नव्हतं, सरळ तीन सेटमध्ये तो हरला. पण अशी किंमत मोजल्याशिवाय तो जिंकतच नसे. बिनतोड सर्व्हिसवर फुकटचे गुण मिळवणाऱ्याला जो विजय दीड तासात मिळतो, तो त्याला तीन-चार तास घाम गाळून मिळवावा लागे, आणि हे त्याने वीस वर्षं केलं.

आपल्याकडे हा माणूस येऊन गेला, आणि तोही विजेता होऊन. चेन्नईत २१ वर्षं झालेली एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्याला आली, महाराष्ट्र ओपन या नावाने, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात जागतिक क्रमवारीतला सहावा मारिन चिलिच आला, आदल्याच वर्षी अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठलेला केव्हिन अँडरसन आला. पोस्टरवर हेच चेहरे होते. सिमाँ तेव्हा तेहतीस वर्षांचा, क्रमवारीत नव्वदीच्या आसपास घसरलेला, शेवटचं विजेतेपद २०१५च्या फेब्रुवारीत मार्सेला मिळवलेलं. त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष असायचं कारण नव्हतं.

त्याने आधी चेन्नईचा गतविजेता बाउतिस्ता आगुतला घरी पाठवलं. उपांत्य फेरीत चिलिचकडून पहिला सेट १-६ असा गमावला आणि मग पुढचे दोन्ही सेट घेतले. तीन आठवड्यांनी हाच चिलिच ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररला पाच सेटपर्यंत खेचणार होता. अंतिम फेरीत पावणेसात फुटी अँडरसन, म्हणजे झाडावरून सर्व्हिस आल्यासारखी. अशा माणसाची सर्व्हिस परत करायची तर अंदाज लागतो, आणि अंदाज ही सिमाँची मालमत्ता. पहिला सेट टायब्रेकरवर गेला, तो त्याने घेतला. दुसऱ्यात ६-२. उंच माणसाला गुडघ्याखालचे चेंडू खेळायला लावायचे, त्याला वाकवायचं, पळवायचं, हे त्याने पुणेकरांसमोर करून दाखवलं. त्याच आठवड्यात पिएर-ह्यूग हर्बरबरोबर तो दुहेरीच्या अंतिम फेरीतही पोचला होता, ती मात्र दोन टायब्रेकरवर निसटली. कारकिर्दीतलं तेरावं विजेतेपद बालेवाडीत मिळालं, चौदावं आणि शेवटचं त्याच वर्षी मेत्झला. स्पर्धा पुण्यात २०२३ पर्यंत टिकली, पुढच्या वर्षी ती हाँगकाँगला गेली.

निवृत्तीची घोषणा त्याने २०२२ मध्ये केली. रोलाँ गारोसला पहिल्या फेरीत सोळाव्या मानांकित कारेन्यो बुस्ताला रात्री उशिरापर्यंत चाललेल्या पाच सेटमध्ये हरवलं, मग आणखी एक फेरी जिंकली. शेवटची स्पर्धा नोव्हेंबरात पॅरिसला, बेर्सीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये. क्रमवारीत १८८वा, वय सदतीस. पहिल्याच फेरीत समोर अँडी मरे, ज्याने याआधी त्याला डझनाहून जास्त वेळा हरवलं होतं. पहिला सेट गेला, दुसऱ्यात मरे सामना संपवण्यासाठी सर्व्हिस करत होता. तिथून सिमाँने सामना फिरवला, ४-६, ७-५, ६-३. पुढच्या फेरीत पहिल्या दहांत पोचलेल्या टेलर फ्रिट्झलाही तीन सेटमध्ये हरवलं. ज्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं गास्के-माँफिससाठी घसा कोरडा केला, ते आता उभे राहून ‘जिलू, जिलू’ ओरडत होते. तिसऱ्या फेरीत फेलिक्स ओजे-अलियासीमने ६-१, ६-३ असं हरवलं आणि कारकीर्द संपली.

नव्या मस्केटियरांपैकी त्सोंगाने ग्रँड स्लॅमचा अंतिम सामना खेळला, गास्के आणि माँफिस उपांत्य फेरीपर्यंत गेले. सिमाँ दोनदा उपांत्यपूर्व फेरीत थांबला, २००९ला मेलबर्नमध्ये नदालसमोर आणि २०१५ला विम्बल्डनमध्ये फेडररसमोर. ग्रँड स्लॅममधल्या मजलेवरून मोजायचं तर चौघांत तो मागे. पण टेनिस कसं जिंकलं जातं आणि कसं हातचं जातं, हे त्या चौघांत त्याच्याइतकं कुणी शोधलं नाही. २०२३च्या अखेरीस दानिल मेदवेदेवने त्याला आपल्या चमूत बोलावलं ते उगाच नव्हे. देखण्या फटक्यांवाचून जगात पहिल्या क्रमांकावर पोचलेला खेळाडू तो.

एक मागणं मात्र आहे. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर कुठेही संध्याकाळी टेनिस कोर्टाच्या कुंपणाला टेकून पालक उभे असतात आणि पोराच्या फोरहँडचे व्हिडिओ काढत असतात. सिमाँचं पुस्तक मूळ फ्रेंचमधून चांगल्या मराठीत त्यांच्या हाती यायला हवं. फ्रेंच जाणणारे अनुवादक महाराष्ट्रात आहेत, खेळावरची पुस्तकं काढणारे प्रकाशकही आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी हे काम हाती घ्यावं.